लाइन बंद आहे, मॅडम

रामधन राठोडनं फोनवर पहिलंच वाक्य अशा थाटात टाकलं, की अर्धं लग्न त्यानं एकट्यानंच उरकलं असावं.

"मॅडम, काम झालं तुमचं. उद्यासाठी लाइन बंद करून टाकली."

हेलिकॉप्टरची पायलट अर्पिता तेव्हा दिग्रसला, माहेरच्या ओसरीवर, सव्वा वर्षाच्या सुरभीला वरणभात भरवत होती. सुरभी एक घास खायची आणि दुसरा मुठीत दाबून ठेवायची, पुढं कधीतरी लागेल म्हणून.

"कोणती लाइन, भाऊ?"

"तेच जी, पूर्वेकडची मोठी. मैदान पाह्याले आलते तेव्हा तुम्हीच बोट दाखवून म्हणलं होतं ना, हे तार वाईट आहे म्हणून? वायरमनले सांगून दिवसभर बंद. आता बिनधास्त या. शॉक-बिक काही लागत नाही."

"हेलिकॉप्टरले शॉक लागतच नाही, भाऊ. तारेवर पाखरू बसते, त्याले लागते का?"

"मंग तुम्ही भेता कायले?"

"तारेले."

पलीकडे मंडपवाल्यांची ठोकाठोक चालू होती. मग रामधननं विचारलं, "बंद केल्यावरही?"

"बंद केली तरी तार जाग्यावरच आहे ना. तुमच्या कडबाकुट्टी मशीनमध्ये तार गेली तर मशीन पाहते का, करंट आहे का नाही म्हणून?"

"हे तर बराबर आहे," रामधन म्हणाला. पण त्याच्या आवाजातली हवा काही पुरती गेली नाही. "पण बंद केली ते बरंच केलं ना जी मी?"

"बरंच केलं," अर्पिता म्हणाली. सुरभीनं मूठ उघडून घास दाखवला, की तिच्यासाठीही अर्पिताचा हाच आवाज असायचा.

रामधन रस्त्याची कामं घेणारा माणूस. त्याचा पिंपळदरी हा बंजाऱ्यांचा तांडा दिग्रसहून पुसदकडे जाताना आतल्या अंगाला, टेकड्यांच्या मधे. थोरली लेक बबिता उमरखेडच्या घरात दिलेली, आणि तिची पाठवणी तांड्याच्या मैदानातून हेलिकॉप्टरनं करायची हा त्याचा शब्द. शब्द त्यानं कुणा एकट्याजवळ नव्हता दिला. पत्रिकेवरच हेलिकॉप्टरचं चित्र छापलं होतं. बापजाद्यांनी बैलांवर मीठ लादून मुलुख पालथा घातला, आता आमची पोरगी आमच्याच मातीतून वर उडंल, असं तो मैदान दाखवतानाही म्हणाला होता. म्हणताना त्यानं बुटानं ती माती दाबून पाहिली होती.

फोन ठेवल्यावर बेबीताईंनी आतून विचारलं, "तुले वरून दिसते का वो ते तार?"

"नाही दिसत, आई."

बेबीताई हातातलं लाटणं घेऊन बाहेर आल्या. "मंग?"

"खांब दिसतात."

बेबीताईंचं एवढ्यानं समाधान झालं नाही, आणि कोणत्याही आईचं झालं नसतं. पण खरी गोष्ट एवढीच होती. वरून तार दिसत नाही. आभाळाचा रंग तिला पिऊन टाकतो, खालच्या रानाचा रंग तिला झाकून टाकतो, आणि जेव्हा दिसते तेव्हा ती इतकी जवळ असते की दिसून उपयोग नसतो. म्हणून पायलट तार बघतच नाही. तो खांब बघतो. खांब कधी एकटा नसतो, त्याचा जोडीदार कुठंतरी असतोच. एक दिसला की दुसरा शोधायचा आणि दोघांच्या मधल्या रिकाम्या हवेला भिंत समजायचं. ओलांडायचंच असेल तर खांबाच्या डोक्यावरून ओलांडायचं, कारण आपल्या खांबांपेक्षा उंच तार जात नाही. टेकडीवरून टेकडीवर गेलेली तार मात्र या हिशेबात बसत नाही. तिचे खांब झाडीत लपलेले असतात आणि ती दरीवरून सरळ चालत जाते. आणि सगळ्यांत वाईट तार ती, जी आपल्याला माहीत असते. तारेत गेलेल्यांपैकी कितीतरी जणांनी त्याच दिवशी ती तार ओळखलेली होती. मग दुसरं काहीतरी बघायच्या नादात विसरली.

अर्पिताला शिकवणारे सर म्हातारे होते आणि फार बोलत नसत. ते म्हणायचे, तार शोधू नकोस, तार कुणाला हवी आहे ते शोध. विहिरीतल्या मोटरला हवी असते. दिवा लागलेल्या घराला हवी असते. जिथं कुणालाच नको, तिथं डोळे मिटून उतर, असं म्हणून ते लगेच, डोळे मिटू नकोस, असंही म्हणायचे.

सुरभी झाल्यावर अर्पिता वर्षभर जमिनीवर होती. पुन्हा कामावर आली तेव्हा ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी हसत म्हटलं होतं, "आता तुम्ही जरा जास्तच जपून उडवाल." हसण्यावारी गेलं. पण हंगामाच्या सुरुवातीलाच एका गावाहून ती न उतरता परतली. नांगरलेल्या शेतात उतरायची जागा केली होती, धुळीचा असा लोट उठला की जमीनच दिसेना. वरपक्षानं आरडाओरड केली. साहेबांनी काही म्हटलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी चहा घेताना, ऑफिसात वेळापत्रक लावायला एक नीट डोक्याचं माणूस हवंय, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या सहज बोलून गेले. ते माणूस कोण, हे कुणी विचारलं नाही. आता पुन्हा एखाद्या मैदानावरून ती परत फिरली, आणि परत फिरण्याजोगं तिथं काही नव्हतं असं निघालं, तर ते वेळापत्रक तिच्या टेबलावर येणार होतं. हे तिला माहीत होतं, आणि अमरलाही माहीत होतं.

अमर म्हणजे हेलिकॉप्टरचा मेकॅनिक. नागपूरचा, चाळिशीतला, पोट सुटलेला, डाव्या सीटवर बसून तिच्याबरोबर तारा मोजणारा. दोघांची रीत अशी, की जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं, समोर घड्याळाची तबकडी धरून. खांब, दहा वाजता. विहीर, दोन वाजता. ओळखीचीही तार बोलायचीच. बोललेली तार विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर दोघं यवतमाळहून निघाले. अमरनं निघण्याआधी समोरची काच दोनदा पुसली. काचेवरचा एक मेलेला किडासुद्धा तार लपवू शकतो, असं त्याचं मत होतं. खाली फेब्रुवारीतलं रान. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधाला रचलेल्या, हरभरा वाळत आलेला, मधूनच गव्हाचा एखादा ओला हिरवा तुकडा. दारव्ह्याच्या बाजूला मोठे मनोरे आले. अर्पितानं मुद्दाम थोडी वाट वाकडी करून एका मनोऱ्याच्या बरोबर डोक्यावरून ओलांडलं.

"सासूले ओलांडल्यासारखं ओलांडता तुम्ही," अमर म्हणाला.

"सासू निदान दिसते तरी."

पिंपळदरी आली. आधी उंचावरून एक फेरी. मैदान जसं पाहिलं होतं तसंच होतं. उत्तरेला तांड्याची घरं. दक्षिणेला टेकडीचा उतार. पूर्वेला ती मोठी लाइन, बंद केलेली. मोकळं तोंड एकच, पश्चिमेचं. तिकडूनच यायचं आणि तिकडूनच जायचं. मधोमध फक्कीनं आखलेला गोल आणि त्यात H. सेवालाल महाराजांच्या देवळावरचा पांढरा झेंडा वारा सांगत होता. वायव्येच्या कोपऱ्यात नवा मंडप, गुलाबी. माणसं म्हणाल तर पश्चिम सोडून तिन्ही बाजूंनी दाट, पण दोरीच्या मागं. रामधननं सांगितलेलं सगळं केलं होतं.

"मोठी लाइन, समोर, मैदानाच्या पलीकडे," अमर म्हणाला. "विहिरीची तार, चार वाजता, टेकडीकडं. बाकी साफ."

"बाकी साफ," अर्पितानं म्हटलं, आणि म्हणताना तिला काहीतरी खटकलं. काय ते कळलं नाही. भाजीत मीठ पडलं का नाही ते आठवत नसताना होतं तसं.

दुसरी फेरी खालून. मंडपाच्या कमानीवरचे दिवे लुकलुकत होते, लाल, हिरवे, पुन्हा लाल. भर उन्हात. चांगले दिसत होते.

मग ती वळसा घालून पश्चिमेला गेली, तोंड मैदानाकडे केलं आणि उतरायला लागली. सूर्य पाठीशी, वारा समोरून, यंत्र हातात शांत. गर्दीतल्या बायकांची रंगीत ओढणी न् ओढणी दिसत होती. दिवे लुकलुकत होते.

लाइन बंद होती. दिवे लागले होते.

तार कुणाला हवी आहे?

तिनं वेग तोडला आणि डोळे मंडपावरून काढून पश्चिमेच्याच दुसऱ्या, दक्षिणेकडच्या कोपऱ्यात नेले, रस्त्याच्या बाजूला. तिथं एका ट्रॉलीवर काहीतरी पिवळं होतं आणि त्यातून धुराचा बारीक धागा निघत होता. ट्रॉलीजवळ एक उंच बांबू. बांबूला मागच्या बाजूनं, रस्त्याकडे, एक दोर ताणून खुंटीला बांधलेला. झेंडा नाही, फलक नाही, नुसता बांबू.

तिला अंगण आठवलं. दिग्रसच्या घरी कपडे वाळवायची तार एका बाजूनं लिंबाला आणि दुसऱ्या बाजूनं बांबूला होती. ओल्या गोधड्या टाकल्या की बांबू पुढं वाकायचा, म्हणून तिच्या बाबांनी, रामरावांनी, त्याला मागून ताण दिला होता. बांबूला मागून कुणी उगाच ओढत नाही. पुढून कुणीतरी ओढत असतं.

"अमर, मंडपाकडं बांबू आहे का? मागून बांधलेला?"

"बांबू..." अमर पुढं वाकला. "आहे. पण मॅडम, तार-बिर काही दिसून नाही राह्यली."

अर्पितालाही दिसत नव्हती. दोन बांबूंच्या मधे नुसती हवा होती, स्वच्छ, आणि हवेपलीकडे फक्कीचा गोल होता. तिनं डोळ्यांना विचारलं, त्यांनी नाही म्हटलं. त्याच क्षणी तिच्या हातांनी यंत्र उचललं. हळू, मग जोरात. मैदान, मंडप, वर केलेले चेहरे सगळे खाली खाली गेले आणि ती उजवीकडे वळून निघून गेली.

मग अमर म्हणाला, "दुसऱ्या जागी?"

"दुसऱ्या जागी."

दुसरी जागा म्हणजे तांड्यापासून थोडं दूर, नाल्याच्या पलीकडचा मुरमाड माळ. परवानगीच्या अर्जात तिनंच ती लिहायला लावली होती. तिथं विहीर नव्हती म्हणून मोटर नव्हती, मोटर नव्हती म्हणून खांब नव्हता. चार बाभळी आणि वाळलेलं गवत. त्यावर तिनं दोन फेऱ्या मारल्या, सगळं मोठ्यानं बोलून घेतलं, आणि उतरली. पंखा थांबेपर्यंत दोघं आतच बसून राहिले.

"मॅडम," अमरनं बाहेर आल्यावर विचारलं, "खरं सांगा. दिसली?"

"नाही."

"मलाही नाही."

त्यानं खिशातलं फडकं काढलं आणि पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली.

अर्पिता बाभळीखाली उभी राहिली. धुरळा उडवत गाडी येईल, तेवढाच वेळ तिच्या हातात होता. तो बांबू स्वागताच्या फलकासाठी रोवला असेल आणि फलक लावायचा राहिला असेल. वायर जमिनीवरूनही नेली असेल. शहाणी माणसं तशीच नेतात. मग ती कशाला घाबरली? तार होती म्हणून, की घरी मुठीत घास धरून बसलेलं कुणी होतं म्हणून? आधीच्या दिवसांतली अर्पिता तो बांबू बघूनही उतरली असती का? हे कळून घ्यायची गरज साहेबांपेक्षा तिलाच जास्त होती. आणि उत्तर गाडीत बसून येत होतं, रामधनच्या तोंडून.

गाडी आली. रामधन गुलाबी फेटा सावरत उतरला. मागच्या सीटवर त्याची म्हातारी आई, जमनी, कपाळभर चांदी आणि हातभर बलोतीच्या पांढऱ्या बांगड्या घालून बसली होती. ती उतरली नाही, तिनं दार फक्त उघडलं.

"काहून नाही उतरले जी?" रामधनचा आवाज चढला नव्हता, तो कोरडा पडला होता. "सारी पंचक्रोशी वर मान करून उभी. डीजेवाल्यानं गाणं लावलं. अन् तुम्ही शेपूट दाखवून चालले गेले."

"भाऊ, मले एक सांगा. लाइन तुम्ही बंद केली. मंग मंडपात लाइट कसे लागले?"

"मंग काय, पोरीच्या लग्नात अंधार ठेवू? जनरेटर आणलं."

"कुठी ठेवलं?"

"रस्त्याच्या कोपऱ्यात. लय बोंबलते ते, मंडपाजवळ ठेवलं असतं तर मंत्र ऐकू आले नसते."

"अन् तिथून मंडपात वायर?"

"वरून नेली," रामधन म्हणाला, आणि या वाक्यात त्याचा अभिमान परत आला. "खालून टाकली तर लेकरं पाय देतील, ट्रॅक्टर जाईन. दोन बांबू आणले चांगले उंच. मागून ताण दिला, लोंबू नये म्हणून. वायरही बारीक काळी घेतली, फोटोत दिसत नाही. तुमच्यासाठीच तर केलं जी हे सारं. तुमची ते लाइन बंद केली नसती, तर जनरेटर लागलंच कायले असतं?"

अमरनं फडक्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

अर्पिताला छातीत दूध दाटून आल्याचं कळलं, कारण नसताना. सुरभीची वेळ अजून झाली नव्हती. तिनं ओढणी सारखी केली.

"तुमच्या मैदानात यायची वाट एकच, भाऊ," ती शेवटी म्हणाली. "पश्चिमेची. ते वायर बरोबर त्या वाटेवर आहे."

रामधननं मैदानाच्या दिशेला पाहिलं. हातानं हवेत एक बांबू उभा केला, मग दुसरा. मग त्या दोन हातांच्या मधे पाहिलं. तो रस्ते बांधणारा माणूस होता, त्याला जागा डोळ्यांपुढं उभी करता येत होती. त्याचे दोन्ही हात हळूच खाली आले.

"माह्या बबितेले घेऊन उडताना..." तो म्हणाला आणि थांबला.

"हाव."

"काढतो," तो एकदम म्हणाला आणि फोन काढला. "आत्ता काढाले लावतो. चहा होईस्तोवर वायर खाली. मंग या तुम्ही."

तेवढ्यात अमरचा फोन वाजला. साहेब होते. त्यांना बातमी कुठून लागली कुणास ठाऊक. आजकाल लग्नातला प्रत्येक माणूस बातमीदार असतो. अमरनं फोन अर्पिताकडे दिला.

"मॅडम, पार्टी म्हणते वायर काढून देतो. मग अडचण काय आहे?"

"सर, आता निघेपर्यंत ऊन खाली येईल. निघायचंय पश्चिमेलाच. भरलेलं मशीन, सूर्य डोळ्यांत. तिथं आणखी काय बांधलं असेल ते मला दिसायचं नाही."

"एकदा वरून नीट बघून तरी या."

"बघितलं, सर. नीट बघितलं. तार दिसली नाही."

"दिसली नाही?" साहेबांचा आवाज जरा सावध झाला.

"नाही. दोघांनाही नाही. आणि तार होती. म्हणूनच नको म्हणते."



"नवरीला तिथंच आणायला सांगा," साहेब म्हणाले. "बाकीचं तुम्ही आल्यावर बोलू."

आल्यावर काय बोलायचं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि अर्पितालाही या वेळी विचारावंसं वाटलं नाही. जे तिला कळून घ्यायचं होतं ते बाभळीखाली कळलं होतं.

तिनं रामधनला सांगितलं. रामधन गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. फेट्याचा शेव सुटून खांद्यावर आला होता, तो त्यानं तसाच राहू दिला.

"मंग पोरगी इथपर्यंत येणार कशी? गाडीत बसून?" तो म्हणाला. "सगळ्यांच्याच पोरी तांड्यातून गाडीत बसून जातात जी. गाडीच न्यायची तर उमरखेडपर्यंत गाडीच जाते. मी पत्रिकेवर छापलं, आमच्या मातीतून म्हणून. आता लोक काय म्हणतील, राठोडचं इमान नाल्याच्या पलीकडून उडलं?"

अर्पिताला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटूनही तिचा नकार जागचा हलला नाही.

"बैल हाय ना," गाडीतून जमनी म्हणाली.

"याडी, तू थांब जरा," रामधन आईला म्हणाला.

"कायले थांबू? कालपासून थांबूनच हाय. धुतला हाय, शिंगं रंगवली हायेत, झूल घालून घरामागं बांधला हाय. तू म्हणला, हेलिकॉप्टर असल्यावर बैल कायले. मी म्हणलं, राहू दे, खाते तर खाते." मग ती अर्पिताकडे वळली. "बाई, तू मले सांग. माही सासू बैलावर उभी राहून गेली, मी गेली, हे याची बहीण गेली. नवरी बैलावर उभी राहून हवेलीचं गाणं गाते, निरोपाचं, बापाच्या वस्तीले सुखी राह्य म्हणते, तवा निघते. हे पोरगी मुक्यानंच उडणार होती. असं चालते का?"

"चालत नाही, आजी," अर्पिता म्हणाली.

"पाह्य," जमनी लेकाला म्हणाली.

रामधननं आईकडे पाहिलं, माळाकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं. मग सुटलेला शेव फेट्यात खोचला. "हेलिकॉप्टरजवळ बैल बुजंल," तो म्हणाला, म्हणजे कबूल झाला.

"नाल्याजवळच थांबवा," अर्पिता म्हणाली. "तिथून नवरीले चालत आणा. आम्ही पंखा ती बसल्यावर सुरू करतो. फक्त ऊन उतरायच्या आत, भाऊ. ते माह्या हातात नाही."

मग ते आले. आधी आवाज आला, बायकांचा, एका लयीत चढणारा आणि खाली येणारा. डीजे मागंच राहिला होता. मग नाल्याच्या चढावर बैलाची निळी शिंगं दिसली आणि शिंगांच्या वर बबिता. लाल फेटिया घागरा, आरशांचं काम उन्हात चमकत होतं. दोन्ही बाजूंनी भावांनी पायांना धरलेलं, आणि ती झुलीवर सरळ उभी, तोंड मागं तांड्याकडे, दोन्ही हात वर. गाताना तिचा आवाज फाटत होता आणि ती तो फाटू देत होती. उमरखेडचा नवरदेव शेजारून चालत होता, सुटाबुटात, बूट मुरमानं पांढरे झालेले, काय करावं ते न समजून त्यानं बैलाच्या झुलीचा एक कोपरा धरला होता.

मोबाइल वर करून पाच-पन्नास माणसं मागं होती. हेलिकॉप्टरचा फोटो कुणीच काढत नव्हतं.

रामधन सगळ्यांत पुढं कासरा धरून चालत होता. तो बैलवाल्यासारखा चालत होता, कंत्राटदारासारखा नाही. गाणं संपेपर्यंत त्यानं बैल उभा धरला. अर्पितानं एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा गाणाऱ्या पोरीकडे, आणि अमर काही बोलणार होता त्याला मान हलवून थांबवलं. अजून थोडं ऊन शिल्लक होतं.

बबिता उतरली, आजीच्या गळ्यात पडली, बापाच्या गळ्यात पडली. रामधन अर्पिताला काही म्हणाला नाही. लेकीला नवरदेवाशेजारी सीटवर बसवल्यावर त्यानं तिचा पट्टा स्वतः ओढून पाहिला, बैलाचं जू बघतात तसा, आणि मागं सरकला.

हेलिकॉप्टर उठलं तेव्हा नाल्याजवळ बैल बुजला नाही. त्याला माळाच्या कडेला कुणाच्या तरी शेतातला हरभरा सापडला होता. जमनी त्याला ओढत होती आणि तो येत नव्हता.

कानावरच्या हेडफोनमधून बबिताचा आवाज आला, रडून बसलेला. "मॅडम, एकदा तांडा दाखवता का वरून?"

अर्पितानं आधी उंची घेतली, भरपूर, मग सूर्य पाठीशी येईल असं वळण घेतलं. खाली मैदान आलं, रिकामं, मधोमध फक्कीचा कोरा गोल. मंडपाचे दिवे अजून लुकलुकत होते. मावळतीचं ऊन आडवं झालं होतं आणि एका क्षणाला, वळणाच्या नेमक्या एका जागी, दोन बांबूंच्या मधे एक बारीक सोनेरी रेघ उमटली. कोळ्याचा धागा पेटावा तशी. केवढीशी होती. पुढच्या क्षणी विझली.

"तार," अर्पितानं सवयीनं मोठ्यानं म्हटलं. "दोन वाजता. खाली."

"दिसली," अमर म्हणाला.

"कुठी?" मागून बबितानं विचारलं. "मले तर काहीच दिसत नाही."

"दोन बांबू दिसतात का?"

बबितानं काचेला कपाळ टेकलं. बराच वेळ ती खाली बघत राहिली. "हाव," ती म्हणाली. "आता दिसले."

मग अर्पितानं तोंड उमरखेडकडे वळवलं. पुढच्या टेकडीवर मोठ्या लाइनचा मनोरा उभा होता. ती थोडी वाट वाकडी करून गेली, बरोबर त्याच्या डोक्यावरून.